साकव कमी करण्याबाबत

लग्नानंतर एकविसाव्या दिवशी हेमांगीच्या डोक्यातल्या आधारपेशींनी तालुका कार्यालयाला लेखी कळवलं, की आमची बदली अजून माहेरहून झालेली नसल्यामुळे सासरची एकही आठवण आम्ही पक्की करणार नाही.

पत्राची एक प्रत सासरी आली. सासूबाईंनी ती चष्मा लावून वाचली, घडी घालून देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली आणि म्हणाल्या, "आलं एकदाचं. माझ्या वेळी दीड महिना लागला होता."

घरात कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. नव्या सुनेचं डोकं काही दिवस माहेरच्याच पत्त्यावर असतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तोवर तिला जे दिसतं, जे ऐकू येतं, ते कच्चं राहतं. आणि कच्च्याची मुदत तीन दिवस. त्यामुळे दर चौथ्या दिवशी सकाळी हेमांगी एका अनोळखी खोलीत जागी व्हायची. शेजारी एक तरुण पाठ करून झोपलेला असायचा. उशाशी एक वही असायची, आणि वहीच्या पहिल्या पानावर तिच्याच अक्षरात लिहिलेलं असायचं : 'घाबरू नकोस. तुझं लग्न झालं आहे.' ही दोन वाक्यं आपण एकापुढे एक का लिहिली असतील, याचा ती दर चौथ्या दिवशी थोडा वेळ विचार करायची.

मग तो तरुण उठायचा, सदरा चढवायचा. सदऱ्यावर चिठ्ठी टाचलेली असायची : 'मी यशोधन. नवरा.' तो नगरपालिकेत जन्म-मृत्यूच्या नोंदी करायचा, त्यामुळे अक्षर अतिशय सुवाच्य होतं. स्वयंपाकघरात सासूबाईंनी डब्याडब्यावर चिठ्ठ्या लावल्या होत्या. मीठ. साखर. हे मीठच आहे, पण जाडं.

"काल चांगली गट्टी जमली होती आपली," सासूबाई चहा गाळता गाळता म्हणायच्या. "थोडं भांडलोही होतो. सगळं गेलं वाया."

हेमांगी मुळातच कमी बोलणारी. ती हसायची आणि वहीत लिहायची : 'सासूबाईंशी भांडण झालं होतं. कारण विचारून ठेवणे.'

माहेरचं मात्र सगळं जागच्या जागी होतं. माहेर कोकणात, सासर घाटावर. माहेरी अप्पा एकटेच. ती चार वर्षांची असताना आई गेली, त्यानंतर घरात माणसं दोनच. अप्पा कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. मेंदूचे कांद्याच्या पापुद्र्यासारखे काप काचपट्टीवर घ्यायचे, जांभळ्या रंगात बुडवायचे आणि मुलांसाठी ठेवायचे, हे त्यांनी तीस वर्षं केलं. रंग उजव्या अंगठ्यात मुरला, तो निवृत्तीनंतरही निघाला नाही. सुट्टीच्या दिवशी ते हेमांगीला सूक्ष्मदर्शकाशी स्टुलावर उभं करायचे. "ती लांब शेपटीची दिसते का? ती बोलते. पलीकडची ऐकते. आणि मध्ये ही चांदणी बसलीय बघ, ती दोघींचं ऐकते. तिनं मान डोलावली तरच बोललेलं राहतं गो. नाहीतर हवा."

तालुका कार्यालय स्टँपपेपरवाल्यांच्या वरच्या मजल्यावर होतं. हेमांगी आणि यशोधन पोचले तेव्हा खिडकीत कारकून गुंजाळबाई बसल्या होत्या. त्यांच्या कपाळावर बाम चोपडलेला होता आणि पुढ्यात हेमांगीची फाइल. यशोधननं स्वतःचं पेन आणलं होतं.

"समजून घ्या," गुंजाळबाई म्हणाल्या. "डोक्यात दोन चेतापेशी बोलतात. त्यांच्यामधला जोड म्हणजे आठवण. पण जोड पक्का करणं त्यांच्या हातात नाही. मध्ये आधारपेशी असते, तिच्या अंगावर ग्राही असतात. कानच समजा. त्या कानांवर काही पडलं, ते तिला पटलं, ती आतल्या आत उचंबळली आणि पदरचं चिमूटभर काहीतरी त्या जोडावर टाकलं, की जोड पक्का. नाही टाकलं, तर बोलणाऱ्यांनी कितीही घसा फोडावा."

"मला वाटायचं, त्या नुसत्या आधाराला असतात," यशोधन म्हणाला.

"सगळ्यांनाच वाटायचं. भिंतीतला चुना. नाव तेव्हाच पडलं, आता बदलायला कुणाला सवड नाही." गुंजाळबाईंनी हेमांगीकडे पाहिलं. "चहाचा ट्रे घेऊन येते तिला काही ऐकू येत नाही, असं बैठकीतल्यांना वाटतं ना, त्यातलाच प्रकार."

त्यांनी फाइल उघडली आणि पाढे म्हणावेत तसं वाचायला लागल्या. "अर्जदाराचे ग्राही सध्या कशाला उत्तर देतात. वडिलांचा खोकला, होय. स्पिरिटचा वास, होय. ओला जांभा दगड, होय. 'गो' हा शब्द, होय. सासूबाईंची हाक, नाही. पतीचा स्पर्श..."

यशोधन खिडकीबाहेर बघायला लागला.

"...नाही. असतं तसं सुरुवातीला, वाईट वाटून घेऊ नका. बदली झाली की होतं. त्याला कमी केल्याचा दाखला लागतो. रेशनकार्डातून हिचं माहेरचं नाव कमी करून आणलंत की नाही? तसंच."

"काय कमी करायचं?"

"माहेरचा एक जोड. जाडसा हवा. नवं घर बसायचं तर आत जागा नको? शाळेतली कविता, शेजारणीचं तोंड, असलं किरकोळ चालत नाही, अर्ज फेटाळतात. आणि अर्ज एकदाच करता येतो. फेटाळला तर पेशी माहेरी कायम. मग जन्मभर चिठ्ठ्या."

"जोड उपटतात का?" हेमांगीनं विचारलं. त्या दिवशी ती कार्यालयात एवढंच बोलली.

"छे हो. उपटत कुणीच नाही. पंधरा दिवस त्याला मंद आवाजात, सावकाश, एकेक हाक मारत राहतात आणि मधली पेशी लक्ष देत नाही. तो आपण होऊन सैल पडतो. दुखत नाही. दुखल्याची एकही तक्रार आमच्याकडे नाही."

दुपारी सासूबाईंनी देव्हाऱ्याखालचा खण ओढून स्वतःच्या अर्जाची स्थळप्रत दाखवली. पिवळी पडलेली, चार घड्यांची. कमी केलेल्या जोडापुढे एकच शब्द होता : विहीर.

"कुठली विहीर?" हेमांगीनं विचारलं.

"काय माहीत," सासूबाई म्हणाल्या. "असेल एखादी. पाणी काय, इथेही आहे." मग कागद परत त्याच घड्यांवर दुमडला. नंतर नळाला पाणी आलं तेव्हा त्या भरलेल्या बादलीपाशी काही वेळ उगीच उभ्या राहिल्या. हेमांगीनं तेही वहीत लिहिलं, पण कारणाचा रकाना मोकळा ठेवला.

संध्याकाळी तिनं अप्पांना फोन लावला.

"काय गो, पत्र आलं?"

"आलं. एक जोड द्यायचाय. जाड पाहिजे म्हणतात."

"माझा खोकला दे. तेवढीच वाडीला झोप."

"थट्टा नको, अप्पा."

"मग साकव दे. तसाही अर्धा मोडलाय."

घरामागच्या ओढ्यावर पोफळीच्या दोन सोटांचा साकव होता. शाळेची वाट त्यावरून जायची. पहिल्या दिवशी ती थबकली तेव्हा अप्पांनी हात पुढे केला. तिच्या मुठीत त्यांचा पंजा मावेना, म्हणून तिनं अंगठा धरला. पुढे चार वर्षं रोज उजवा हात वर आणि मुठीत जांभळा अंगठा. खाली पाणी, पायाखाली सोट डुगडुगणारा. एवढं जाड दुसरं काही तिच्याकडे नव्हतं, असलं तर ते अप्पाच.

'साकव द्यायचा,' तिनं वहीत लिहिलं. पान एकतिसावं. खाली दोन रेघा मारल्या.

आता यशोधनबद्दल सांगायला हवं. फॉर्म भरणं ही त्याची माया करण्याची रीत होती. लग्न झाल्यापासून त्यानं हेमांगीचं आधारकार्ड, गॅसची वारसनोंद, मतदारयादी, सगळं निळ्या शाईत, खाडाखोड न करता करून टाकलं होतं. त्या प्रत्येक कागदात कुठेतरी 'माहेरचे' असा रकाना येतो, आणि त्यात बापाचं नाव जातं. हा अर्जही त्यानं रजेच्या दिवशी पहाटे उठून, तिला त्रास नको म्हणून एकट्यानंच भरला. नववा रकाना होता : 'कमी करावयाचे (माहेरचे)'. त्यानं सुरेख अक्षरात लिहिलं : श्री. अनंत विष्णू केळसकर (वडील). सही करायची तिथे पेन्सिलीनं बारीक फुल्या केल्या.

तो दिवस नेमका चौथा होता. हेमांगीला उठून तास झाला होता आणि वही वाचून बाराव्या पानापर्यंत झाली होती. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं : 'यशोधन फॉर्म नीट भरतो. विश्वास ठेवावा.' तिनं फुल्यांवर सह्या केल्या. तो सायकल काढून अर्ज देऊन आला, येताना गरम भजी घेऊन आला.

दुपारी ती एकतिसाव्या पानावर पोचली.

"साकव लिहिलात ना?" तिनं विचारलं.

"कसला साकव?" यशोधन म्हणाला, आणि मग हळूहळू त्याच्या हातातली वर्तमानपत्राची घडी खाली आली.

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडायच्या आधीच दोघं पायऱ्यांवर उभे होते. गुंजाळबाईंनी सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावरचा बामही हलला नाही.

"अर्ज पेशींकडे गेला. त्या तुमच्या-आमच्यासारख्या सुट्ट्या घेत नाहीत."

"मागे घ्यायचाय," हेमांगी म्हणाली.

"अर्जदाराला हरकत घेता येत नाही. जो कमी होतोय त्यालाच येते. पंधरा दिवसांत, लेखी. त्यांना नोटीस गेली असेल. त्यांनी हरकत घेतली की अर्ज रद्द. मग मागे सांगितलं तेच. पेशी माहेरी कायम."

"चूक माझी आहे," यशोधन म्हणाला. "तिच्याऐवजी... म्हणजे त्यांच्याऐवजी मला कमी करा."

गुंजाळबाईंनी पहिल्यांदाच त्याच्याकडे थोडं मायेनं पाहिलं. "साहेब, तुम्ही अजून हिच्या डोक्यात वाढलेलेच नाहीत. कमी कुठून करणार?"

नोटीस अप्पांना चार दिवसांनी मिळाली. त्यांनी फोनवर ती मोठ्यानं वाचून दाखवली. आपण खालील व्यक्तिच्या ठिकाणी कमी होत आहात. "मराठी बरी आहे," ते म्हणाले. "फक्त 'व्यक्ती' ऱ्हस्व काढलीय."

"हरकत घ्या, अप्पा. आजच."

पलीकडे खोकला आला. हेमांगीच्या डोक्यातले सगळे ग्राही एकदम जागे झाले. तिला ते जाणवलं, अंगणात कुणी आलं की पाखरं उठावीत तसं. अजून होत होतं. पहिल्याइतकं जोरात नाही, पण होत होतं.

"हरकत घेतली, मग पुढे?" अप्पा म्हणाले. "दर चौथ्या दिवशी त्या बिचाऱ्याशी ओळख करून घेशील? पोर झालं तर चौथ्या दिवशी विचारशील, हे कुणाचं?"

"चालेल मला."

"मला नाही चालत गो."

मागे कोंबडी ओरडत होती.

"मी तीस वर्षं त्या चांदण्या रंगवल्या," ते म्हणाले. "दोघांच्या मध्ये बसून ऐकायचं, यापलीकडे त्यांना काही ठाऊक नाही. कुठल्या दोघांच्या, ते आपण सांगायचं. आता तिकडे बसू दे त्यांना."

"आणि तुमचं काय?"

"माझं काय? माझ्या डोक्यातली तू माझ्या पत्त्यावर आहेस. तिला कोण कमी करतंय?"

त्यांनी 'माझी हरकत नाही' असं लिहून, खाली सही करून कागद रजिस्टर पोस्टानं पाठवला. कार्यालयाची पोच यशोधनच्या नावानं आली. ती घेऊन तो बराच वेळ न्हाणीघरात पाणी सोडून बसला होता.

उरलेल्या दिवसांत हेमांगीनं वहीच्या मागच्या बाजूनं लिहायला घेतलं. 'उंची पाच फूट चार. उजव्या अंगठ्याला जांभळा डाग. खोकला जुना आहे, घाबरायचं कारण नाही. माशाचं डोकं स्वतः खातात आणि मधला तुकडा मला देतात. मला कळत नाही असं त्यांना वाटतं.' लिहिताना दर वेळी काहीतरी आठवायला एक घर जास्त चालावं लागत होतं. नवव्या दिवशी फोनवर खोकला आला तेव्हा ती म्हणाली, "पाणी प्या." कुणालाही म्हणावं तसं. पलीकडून "हो, पितो" असं आलं, आणि फोन ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं, की पाखरं उठली नाहीत. बाराव्या दिवशी तिला लिहायला काही सुचेना. तिनं तारीख घातली आणि वही मिटली.

इकडे सासर बसत चाललं. जुना जोड सैल करायला मंद, सावकाश हाक लागते, तशी नवा पक्का करायला भराभर, मोठ्यानं. गुंजाळबाईंनी तशी सूचनाच दिली होती, त्यामुळे सासूबाई ओट्यापाशी उभ्या राहून एका दमात सहा वेळा "हेमांगी" अशी हाक मारायच्या. शेजारच्यांना वाटलं, सून पळाली. सोळाव्या दिवसानंतरचा पहिला चौथा दिवस उजाडला, तेव्हा ती उठली आणि शेजारच्या पाठीकडे बघून म्हणाली, "यशोधन, दूध आलंय बहुतेक." तो उठून बसला. सदऱ्यावरची चिठ्ठी त्यानं काढली. टाचणीचं भोक राहिलं.

सासूबाईंनी तिच्या अर्जाची स्थळप्रत स्वतःच्या प्रतीवर ठेवली. "माझी विहीर, तुझे वडील," त्या म्हणाल्या. "जागा तेवढीच." आणि खण लावून घेतला.

हेमांगीला काही दुखत नव्हतं. फक्त जुन्या आठवणींत एक जागा रिकामी होती. प्रयोगशाळा होती, स्पिरिटचा वास होता, काचपट्ट्या जांभळ्या रंगात जायच्या आणि बाहेर यायच्या. रंगवणारं कुणी नव्हतं. साकवही होता, अगदी धडधाकट. त्यावरून एक लहान मुलगी उजवा हात वर धरून चालली होती, आणि तिची मूठ अंगठ्याएवढी पोकळ होती.

नागपंचमीला माहेरी न्यायला मूळ आलं. दारात एक गृहस्थ उभे होते, खांद्याला पिशवी, पिशवीत आमसुलं. हेमांगीनं पदर सावरला. त्यांच्या उजव्या अंगठ्याकडे पाहिलं, आत गेली, वहीतलं मागचं पान पाहिलं आणि परत बाहेर आली. डाग जुळत होता.

"तुम्ही माझे वडील," ती म्हणाली. "या, बसा ना."

"हो," गृहस्थ म्हणाले, "तसं लिहून दिलंय खरं."

यशोधननं वाकून नमस्कार केला. तो बराच वेळ उठला नाही, तेव्हा त्यांनीच त्याला दंडाला धरून उठवलं. "अक्षर छान आहे हो तुमचं," ते म्हणाले. यशोधननं मान खाली घातली.

हेमांगी चहा टाकायला आत गेली आणि पुन्हा दारात आली. उंची लिहिली होती, खोकला लिहिला होता, माशाचं डोकंसुद्धा लिहिलं होतं. हे राहून गेलं होतं.

"साखर किती घालू?"

"तुमच्याकडे असते तेवढी," ते म्हणाले.

एका परक्या माणसाबरोबर आपल्याच घरी जायचं म्हणून हेमांगीला थोडा संकोच वाटत होता, पण सासूबाई म्हणाल्या की सगळ्याच जातात. एसटीत दोघं एकाच बाकावर बसले. त्यांनी तिला खिडकी दिली. घाट उतरल्यावर ओल्या जांभ्याचा वास आला, आणि तिला तो ओळखीचा वाटला.

फाट्यावर उतरून दोघं चालत निघाले. ओढ्याला पाणी भरपूर होतं. साकवावर एक सोट नवा घातलेला दिसत होता, पांढराच. हेमांगी पहिल्या सोटावर पाय ठेवून थांबली आणि तिनं उजवा हात वर केला. कशासाठी, ते तिला सांगता आलं नसतं. या साकवावर हात असाच धरायचा असतो, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. गृहस्थांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग सावकाश, कुणाच्या घरातली वस्तू उचलावी तशा बेतानं, त्यांनी अंगठा तिच्या मुठीत दिला. तो नेमका बसला. दोघं पलीकडे गेले.

पण तिचे ग्राही आता सासरच्या पत्त्यावर होते, आणि एकदा कमी झालेलं माणूस कुठल्याच पत्त्यावर पुन्हा पक्कं होत नाही. त्यामुळे ही नोंद कच्ची; मुदत तीन दिवस. हेमांगी चार दिवसांसाठी आली होती.

चौथ्या दिवशी सकाळी ती आपल्या जुन्या खोलीत उठली. भिंत तीच, कौलातून येणारा उजेड तोच. पडवीत एक वयस्कर गृहस्थ बसून खोकत होते. सदऱ्याच्या खिशावर काचपट्टीला लावतात तसलं लहानसं लेबल चिकटवलेलं होतं, आणि त्यावर जांभळ्या शाईत लिहिलं होतं : 'अनंत. वडील.'

तिनं ते वाचलं, मान डोलावली आणि चहा टाकायला आत गेली. मिठाच्या डब्यावर चिठ्ठी नव्हती. मीठ कुठे असतं ते तिला माहीत होतं. चिठ्ठी फक्त साखरेच्या डब्यावर होती : 'मला एक चमचा.'